सुकाण्याचं तोंड

आमच्या नागावात बायका दारात रांगोळी काढत, श्रावणात भिंतीवर नागोबा काढत, आणि तेवढ्यावर हात धुऊन स्वयंपाकाला लागत. मी कागदावर गलबतं काढायची. त्यापायी सासूबाई दर दोन दिवसांनी माझ्याकडे बघून "रिकामा न्हावी..." एवढंच म्हणत. पुढचं कुडाला तुंबड्या लावणं मला पाठ आहे, असं त्या धरून चालत. मला राग येई, पण त्यांचं अगदीच खोटं होतं असं नाही. दुपारी जेवणं झाली, की घरातल्या इतर बायका सुपारी सोलत बसत आणि मी पडवीच्या कोपऱ्यात रंगांची पेटी उघडून बसे.

पेटी माहेरची. वडील शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, आणि लग्नात भांड्यांबरोबर त्यांनी ती मला दिली. "पोरीला पातेलं एक जास्त द्यायचं, ते सोडून हे काय," म्हणून आई रुसली होती.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या पुढच्या दोन-तीन वर्षांतली. तेव्हा मुंबईहून एक पुस्तकमाला निघे. दर दोन महिन्यांनी एक भाग, बोटीनं रेवसला उतरे आणि तिथून अलिबागेला जाई. आमचे हे तिथं शाळेत शिकवत. शनिवारी घरी येताना नवा भाग पिशवीतून घेऊन येत. गोष्ट होती आपल्याच किनाऱ्यावरची, जुन्या काळची. एक शूर तांडेल, त्याच्या हुकमतीतलं गलबत, आणि गलबताचा सुकाणी. तांडेल भाषणं फार करी, त्याचा मला कंटाळा. जीव होता तो सुकाण्यावर. कमी बोले, बोलला तर खोचक बोले, आणि वादळात सगळे देवाचा धावा करत असले तरी ह्याचा हात सुकाणूवरून हलत नसे. एवढी चांगली गोष्ट, पण पुस्तकात चित्र म्हणून एक नाही. मला ते बघवेना. मी दर भागाला चार चित्रं काढायची ठरवली आणि काढलेली चित्रं त्या त्या भागात दोऱ्यानं शिवून टाकू लागले.

दौतीतली शाई ह्या कामाला चालत नाही. रेघेवर ओला रंग फिरवला की ती फुटते, आणि समुद्राच्या दमट हवेत तर वाळल्यासारखी दिसूनही दगा देते. वडिलांनी शिकवलेली शाई मात्र हलत नसे. तेलाच्या दिव्याचं काजळ, डिंक आणि लाखेचं पाणी खलात घालून घोटायचं. तेही थोडंथोडकं नाही, चार-चार दुपारी. हात दुखून येतो. ते घोटायचं काम माझ्या नणंदेनं, वन्संनी, आपणहून अंगावर घेतलं होतं.

वन्सं माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. अकराव्या वर्षी लग्न झालं, तेराव्या वर्षी त्या रेवदंड्याला सासरी नांदायला गेल्या, आणि सहा महिन्यांत त्यांचे यजमान नोकरीसाठी मुंबईहून आफ्रिकेच्या बोटीत बसले. झांजिबारला पोचल्याचं एक पत्र आलं. त्यानंतर काही नाही, ना पत्र, ना माणूस, ना कोणाच्या तोंडी निरोप. दोन वर्षांनी सासरच्यांनी वन्संना माहेरी आणून सोडलं. त्या कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. गावात हळदीकुंकवाला बोलावणं येई, पण त्यांची ओटी भरताना बायकांचा हात घुटमळे. ते घुटमळणं मी पाहिलेलं आहे, आणि ते पाहूनही वन्सं मान खाली घालून पदर पसरत.

त्यात आता बारा वर्षं भरत आली होती. परागंदा माणसाची बारा वर्षं काही खबर नसली, की तो गेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. पुतळा जळाला की बायको विधवा. वन्संच्या धाकट्या दिराची मुलं जगत नव्हती. भावाचं क्रियाकर्म राहिलंय म्हणून असं होतंय, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते आणि त्यांचे वडील दर महिन्याला येऊन आमच्या मामंजींपुढे बसत. मामंजी वन्संना विचारत. वन्सं दाराआडून एकच म्हणत, "कोणी पाहिलंय का?" ते गेल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि वन्संचं कुंकू त्या एका प्रश्नावर टिकून होतं.

शाई घोटताना मी त्यांना यजमानांबद्दल विचारी. विचारायला नको होतं, पण मला भारी उत्सुकता. "दिसायला कसे होते हो?" त्या बराच वेळ घोटत राहत, मग एखादी गोष्ट सांगत. उंच होते. दुसऱ्या दिवशी, भुवया जाड. मग कधीतरी, हसताना एक डोळा बारीक व्हायचा. हनुवटीला खळी होती. असं थेंब थेंब करत एक अख्खा माणूस माझ्या डोक्यात तयार झाला.

नवव्या भागात सुकाणी बुडाला.

मी तो भाग वाचून जेवले नाही. सासूबाईंनी पोट बिघडलं समजून ओवा दिला. वन्सं त्या आठवड्यात मावशीकडे गेल्या होत्या, शाई मात्र आधीच घोटून ठेवलेली होती. तीन दुपारी बसून मी ते चित्र काढलं. हिरवट पाण्याखाली सुकाणी उताणा, केस वर तरंगणारे, तोंड वरून येणाऱ्या उजेडाकडे वळलेलं. आधी बारीक रेघांनी सगळं काढून घेतलं, मग पातळ रंगाचे हात एकावर एक, एक वाळला की दुसरा. पाण्याखालचा उजेड मला साधला. तोपर्यंत आयुष्यात काढलेल्या चित्रांत ते सर्वांत चांगलं होतं.

त्याला तोंड मी वन्संच्या यजमानांचं दिलं. ते मुद्दाम नव्हतं, हातून उमटलं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला एक चांगलं तोंड हवं होतं आणि हाताशी तेवढंच होतं. भुवया काढताना मला पक्कं ठाऊक होतं त्या कोणाच्या ते. वन्सं काय म्हणतील हा विचार मनात आला, तो मी झटकला, कारण चित्र फार छान होत होतं.

आणि त्या परत आल्यावर ते मीच त्यांना दाखवलं. लपवून ठेवायची अक्कल नव्हती असं नाही, कौतुक हवं होतं. त्यांनी कागद हातात घेतला, दारापाशी उजेडात नेला आणि कितीतरी वेळ बघितला.

"हे तर ते आहेत," त्या म्हणाल्या.

मी काहीबाही बोलू लागले, सुकाणी आहे तो, गोष्टीतला आहे, वगैरे. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला, पदर सारखा केला आणि सरळ ओटीवर गेल्या. मामंजी पान लावत होते. वन्सं त्यांच्यापुढे कधी उभ्या राहत नसत. त्या दिवशी राहिल्या.

"रेवदंड्याला कळवा," म्हणाल्या. "करून टाका म्हणावं."

दिवस ठरला, तीन आठवड्यांनंतरचा. घरात कोणाला चित्राचं ठाऊक नव्हतं. सगळ्यांना वाटलं, पोरगी शहाणी, धाकट्या दिराच्या मुलांकडे बघून तयार झाली. मामंजींनी सासरच्यांकडून एवढं कबूल करून घेतलं, की केसांना हात लावायचा नाही. सासूबाई देवापाशी बसून रडल्या. मी कोणाला काही सांगू शकत नव्हते. शनिवारी हे आले तेव्हा ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "चित्र बघून कोणी असं ठरवतं का? वेडी आहेस." मी वेडी असते तर बरं होतं. एका चांगल्या चित्रापायी मी एका बाईचं कुंकू पुसायला निघाले होते, आणि ती बाई माझ्या शेजारी बसून पूर्वीसारखीच भाजी निवडत होती.

काढलेलं पुसता येत नाही, पण दुसरं काढता येतं, असं शेवटी मला सुचलं. तेच यजमान, पण जिवंत. झांजिबारच्या धक्क्यावर उभे, बारा वर्षांनी थोराड झालेले. ते पाहून वन्सं पुन्हा "कोणी पाहिलंय का?" विचारतील, असा माझा हिशेब होता.

पण झांजिबार मी कुठे पाहिलेलं? रेवदंड्याचे एक म्हातारे मुसलमान व्यापारी आमच्याकडे सुपारी घ्यायला येत, ते तरुणपणी तिकडे जाऊन आलेले. मी दाराआडून त्यांना विचारलं, तिथला किनारा दिसतो कसा.

"दर्या सगलीकडं सारकाच, बाय," ते म्हणाले. "नारल पन हाईत. पन वास लवंगांचा. आपल्याकडं मासली सुकत घालतात ना, तशा तिथं चटयांवर लवंगा. आनि दरवाजे येवडे मोठे, पितलेच्या खिल्यांचे." मग जरा थांबून विचारलं, "कोन गेलाय तुमचा?"

मी सांगितलं.

"खत न्हाय आलं म्हंजे मानूस मेला असं न्हाय," म्हातारबाबा म्हणाले. "तिथं दुसरं घर मांडून बसलेले मी किती पायले. अल्ला जाने."

दुसरं घर मी चित्रात काढलं नाही. धक्का काढला, लवंगांच्या चटया, खिळ्यांचा दरवाजा, आणि दरवाजापाशी जाड भुवयांचा, एक डोळा बारीक करून हसणारा, कानशिलावर पिकलेला माणूस. चार दिवस लागले. हात घाईत होता, दरवाजाचा रंग चटईवर थोडा उतरला, तरी तोंड बरं साधलं होतं. पुतळ्याच्या आदल्या दुपारी मी ते घेऊन वन्संकडे गेले. त्या माडीवर गोधड्यांच्या घड्या घालत होत्या.

त्यांनी चित्र पाहिलं. "छान आहे," म्हणाल्या. "हा कोण?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हटलं, "वन्सं, हे तेच आहेत. तुम्हीच सांगितलंत ना सगळं. भुवया, खळी. असतील ते तिकडे. उद्याचं नको म्हणून सांगा."

त्या घडी घालायच्या थांबल्या. मग खालच्या आवाजात, जिन्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, मी त्यांना पाहिलंय कुठे धड? तेरा वर्षांची होते. घर माणसांनी भरलेलं. दिवसा त्यांच्यासमोर मान वर करायची सोय नाही, आणि निजायच्या खोलीत दिवा आधीच मालवलेला असे. त्यांची पावलं मी कुठेही ओळखीन. तोंड मला कधी ठाऊकच नव्हतं."

"मग भुवया? खळी?"

"तू रोज विचारायचीस. मी काय सांगायचं? बायकोला नवऱ्याचं तोंड ठाऊक नाही, म्हणून सांगू? सुचेल ते सांगत गेले."

मी खाली बसले. मला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी माझी लाजही वाटली. लग्न होऊन मला चार वर्षं झाली होती. कंदिलाच्या उजेडात ह्यांना डोळे भरून बघायला मला कोणी कधी अडवलं नव्हतं.

"मग ते बुडालेलं चित्र बघून 'हे तर ते' का म्हणालात?"

वन्संनी हातातली गोधडी खाली ठेवली. "बारा वर्षांत मला एकदा रडू आलं नाही गं. आई रडायची, मी नुसती बसायचे. तू तो कागद दिलास आणि पहिल्यांदा पोटातून हललं. कोणासाठी रडायचं ते एकदाचं समोर आलं. आता पुन्हा वाट बघ म्हणू नकोस मला." त्यांनी झांजिबारचा कागद नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा बरा आहे हो. असेल कुठेतरी सुखी. पण मी ह्याला ओळखत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीनं आम्ही रेवदंड्याला गेलो. पुरुष पुतळा घेऊन खाडीकडे गेले. मागे घरात दोघी म्हाताऱ्यांनी वन्संना पाटावर बसवलं, बांगड्या फोडल्या आणि ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. तेव्हा वन्सं रडल्या. पाटावरून त्यांचा तोल जाऊ लागला, तेव्हा मी जवळ बसून त्यांना धरलं, तरी त्या रडतच होत्या.

बाहेर पडवीत शेजारणी बसल्या होत्या. त्यांतली एक डोळे पुसत मला म्हणाली, "काय माया हो. बारा वर्षं नवऱ्याचं तोंड डोळ्यांपुढे धरून ठेवलंन बिचारीनं."

मी हो म्हणून मान हलवली.