विमानाच्या पाठीला भोक पाडताना

मी विमानांच्या वायरिंगचं काम करते. आमच्या म्हैसूरला विमान चालवायला शिकवणारी एक संस्था आहे, तिच्या हँगरमध्ये. विमानं लहान, चार माणसांची, पंख डोक्यावर असलेली. लग्नकार्यात कुणी विचारलं, की आई अभिमानानं सांगते, "प्लेनात काम करते." लगेच पुढचा प्रश्न येतो, "पायलट?" मग मला सांगावं लागतं, की मी विमान उडवत नाही, पण माझ्या सहीशिवाय त्यातली एकही तार हलत नाही.

आमचं घराणं कापड रंगवणाऱ्यांचं. किती पिढ्यांपूर्वी इकडं आलो, ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण त्यात निम्मं कन्नड. रंगात हात घालणारं आता कुणी उरलं नाही. वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, भाऊ बेळगोळच्या एका कारखान्यात आहे. बारीक स्क्रू, अडचणीची जागा आणि न दिसणारा दोष बोटांनी शोधायचा, हे मी वडिलांच्या शेजारी बसूनच शिकले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या विमानात नवीन जीपीएस बसवायचं ठरलं. यंत्र समोरच्या पॅनलमध्ये जाणार होतं, त्याची फारशी काळजी नव्हती. खरं काम अँटेनाचं. साबणाच्या अर्ध्या वडीएवढी ती वस्तू विमानाच्या छपरावर, मोकळ्या आकाशाखाली बसते. म्हणजे छपराच्या पत्र्याला भोक पाडायचं. चुकीच्या जागी पाडलं तर पत्रा पुन्हा सांधता येत नाही, ठिगळ लावावं लागतं आणि ते विमानाच्या कागदपत्रांत कायमचं राहतं.

आमचे मुख्य इंजिनियर हवाई दलातून निवृत्त झालेले. हात अतिशय स्वच्छ, बोलणं कमी. मंजूर नकाशात छपरावरचा एक पट्टा दिला होता, त्यात जागा आपण निवडायची होती. त्यांनी पट्ट्याच्या पुढच्या टोकाला पेन्सिलीनं फुली मारली आणि मला म्हणाले, "उद्या ड्रिल कर." आमचं बोलणं कन्नडात व्हायचं, इथं मराठीत सांगते.

मी शिडीवर चढून पाहिलं. फुलीपासून रेडिओचा अँटेना जेमतेम हातभर अंतरावर होता. उपग्रहाकडून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. शेजारी रेडिओ बोलायला लागला, की तो बुडून जाऊ शकतो.

"सर, ही जागा नको," मी म्हटलं. "मागं घेऊ या. रेडिओ जवळ पडतोय."

"मागं घेतलीस तर केबल लांब होते. आतलं पूर्ण छत उघडावं लागेल."

"उघडते."

"नकाशात पुढची जागा बसते ना?"

"बसते. पण मागचीही बसते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. हँगरमधले बाकीचे आमच्याकडे बघत होते. मला शंका नव्हती. मी म्हटलं, "भोक पाडण्याआधी चिकटपट्टीनं लावून बघू. दोन्ही जागी. एका दुपारचं काम आहे."

"नोडम्मा," ते म्हणाले, म्हणजे बघ बाई, "तुझी दुपार."

दुसऱ्या दिवशी विमान बाहेर काढलं. अँटेना पट्टीनं फुलीवर चिकटवला, केबल दारातून आत घेतली. टॉवरला सांगून मी एकेका फ्रिक्वेन्सीवर रेडिओचं बटण दाबून धरत होते आणि सर पडद्यावर एकेका उपग्रहाचा सिग्नल दाखवणाऱ्या पट्ट्या बघत होते. पहिल्या चार-पाच वेळा काही झालं नाही. मग एका फ्रिक्वेन्सीवर सगळ्या पट्ट्या एकदम खाली बसल्या. बटण सोडलं, वर आल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा खाली.

अँटेना मागं नेऊन तेच केलं. पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत.

सरांनी खिशातून खोडरबर काढलं आणि शिडी चढून आपली फुली स्वतःच्या हातानं पुसली.

त्या संध्याकाळी आईला सांगितलं, तर ती सांबारात डाव तसाच ठेवून म्हणाली, "अय्यो, विमानाला भोक? सुम्मने, उगाच कशाला गं? पाऊस आत येणार नाही?" मी तिला समजावलं, की खाली रबराची गादी असते, कडेनं सीलंट भरतात. "तरी बघून कर," ती म्हणाली.

बघूनच केलं. आतून फासळ्या कुठून जातात ते तीनदा मोजलं. आधी बारीक भोक, मग थोडं मोठं, मग पूर्ण. पत्र्याची धार बोटाला लागणार नाही इतकी घासली. आतल्या बाजूनं जोडपत्रा रिव्हेट केला, अँटेनाचे स्क्रू टेकतात तिथला रंग खरवडून धातू उघडा केला, कारण त्यांच्यातून अँटेनाचा पत्र्याशी चांगला स्पर्श हवा. मग दोन दिवस छत उघडून केबल ओढली. ही केबल फार वाकवली तर आतून बिघडते, म्हणून प्रत्येक वळण मोठं ठेवलं. विमान वळवणाऱ्या कंट्रोलच्या तारांपासून दूर नेली, ठिकठिकाणी पट्ट्यांनी बांधली. शेवटी दोन्ही टोकांना कनेक्टर दाबले. काम सुंदर झालं होतं आणि मला ते माहीत होतं.

इंजिन सुरू करून चाचणी घेतली. विमान थरथरायला लागलं आणि पडद्यावरच्या पट्ट्या नाहीशा झाल्या. परत आल्या. परत गेल्या. रेडिओ बंद होता.

सरांनी इंजिन बंद करवलं. जागेवरून एवढा वाद घालणाऱ्या माणसाला ऐकवायला त्यांच्याकडे बरंच काही होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठून बघशील?"

"माझ्या कनेक्टरपासून," मी म्हटलं.

अँटेनाकडचा कनेक्टर नीट होता. यंत्रामागचा काढला. मधली पिन पूर्ण आत गेलीच नव्हती, केसभर मागं राहिली होती. विमान स्थिर असताना टेकत होती, हादऱ्यानं सुटत होती. पॅनलच्या मागं, उताणं पडून, संध्याकाळच्या घाईत मी तो दाबला होता आणि ओढून बघायचा राहिला होता. जागा बरोबर निवडली याच्या आनंदात मी शेवटची साधी तपासणी विसरले होते. लपवायचा विचारही मनात आला नाही, कारण लपवून मी त्या हँगरमध्ये कुणाकडे मान वर करून बघितलं असतं?

"माझी चूक आहे, सर. टोक कापून नवीन लावते."

"लाव. आणि जॉब कार्डावर लिही," ते म्हणाले. मी लिहिलं, स्पष्ट अक्षरात. नवीन कनेक्टर दाबला, ओढून बघितला, भिंगानं बघितला, मग सरांना बघायला लावला. इंजिन पुन्हा सुरू केलं. पट्ट्या उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

हवेतली चाचणी उरली होती. आमच्या उड्डाण शिक्षिका पुण्याच्या, वर्षभरापूर्वीच इथं आलेल्या. माझं मराठी ऐकून त्यांना फार गंमत वाटायची. त्या हेडसेट हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पडद्यावर कुणी लक्ष ठेवायचं? चल, तूच बस."

"मी? मॅडम, मी कध्धी बसली नाही विमानात."

"काय सांगतेस! आठ वर्षं इथे काम करतेस ना?"

"जमिनीवर."

सरांनी उड्डाणाच्या यादीत माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं.

चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा मी सीटची कड घट्ट धरली होती. मग काम सुरू झालं आणि भीती मागं पडली. मॅडम वळण घ्यायच्या, रेडिओवर बोलायच्या, मी पट्ट्या मोजून लिहायचे. कृष्णराजसागर धरणाचं पाणी उजव्या हाताला चकाकत गेलं. पुढं कृष्णराजनगरच्या बाजूला कावेरी आणि तिच्या दोन्ही काठांना भाताची शेतं, इतकी हिरवी, की एक नोंद लिहायची राहून गेली. मॅडमना सांगून ते वळण पुन्हा घ्यायला लावलं.

"त्या फ्रिक्वेन्सीवर बोलू?" त्यांनी विचारलं.

"बोला," मी म्हटलं.

त्या बोलल्या. एकही पट्टी हलली नाही.

खाली उतरल्यावर नोंदी सरांच्या हातात दिल्या. सरांनी कागद वाचले, सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. माझी सही त्यांच्या सहीखाली.

मग आईला फोन केला. "वर जाऊन आले," म्हटलं. तिनं विचारलं, "आपलं घर दिसलं काय गं?"

"त्या बाजूला गेलोच नाही."

"पुढच्या वेळी सांग त्यांना," आई म्हणाली. "मी गच्चीवर थांबते."