महिपतीनं खाली ठेवलेलं पोतं

सोलापूरच्या मार्केट यार्डात मी कांद्याच्या काट्यावर तोलार आहे. वजन करायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, एवढंच माझं काम. उचलणारे वेगळे. त्यातला एक मैंदर्गीचा महिपती. पंचवीस वर्षं पोती वाहून माणूस एका अंगाला कलला, पण कधी हूं की चूं केलं नाही.

गेल्या वर्षी त्याचा डावा पाय बधिर होऊ लागला. मणक्यातली गादी सरकलीय, असंच जड उचलत राहिलास तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. महिपतीनं ते हमालांच्या टोळीपासून लपवलं. आमच्याकडची रीतच तशी आहे. आठ जणांची टोळी, सगळ्यांची सारखी वाटणी. ज्याची पाठ गेली त्यानं आपणहून बाजूला व्हायचं. जा असं कुणी म्हणत नाही, लाजेनं माणूसच येईनासा होतो. मला या रीतीचा भयंकर राग येतो. अर्थात काट्यावर बसून रागवायला काय जातं!

"काम सोडणार न्हाय आन् लंगडाबी होणार न्हाय," असं महिपतीनं मला एकट्याला सांगितलं होतं. हे जमायचं कसं, ते मला कळत नव्हतं.

मागच्या मंगळवारी बेंगळुरूची गाडी भरायची होती. पोतं पन्नास किलोच्या वर भरायचं नाही असा नियम आहे. या व्यापाऱ्याचं एकूणएक पोतं साठच्या पुढं. मी "त्रेसष्ट" म्हणालो. महिपतीनं पोतं पाठीवर घेतलं, दोन पावलं गेला आणि सावकाश खाली ठेवलं.

"ह्ये मी उचलत न्हाय. पन्नासाचं द्या, दिवसभर वाहतो की."

"म्हातारा झालास व्हय रं?" व्यापारी हसला.

"माझा मणका गेलाय," महिपती सगळ्या टोळीदेखत म्हणाला. "पन्नासाच्या वर आता न्हाय. उद्याबी न्हाय."

मी मुकादम धुळाप्पाकडं पाहिलं. त्याच्याएवढं जड टोळीत कुणीच उचलत नसे. तो आता महिपतीला घरी धाडणार, असं मला वाटलं. धुळाप्पानं सदऱ्याची बटणं सोडली. आत कंबरेला पाठदुखीचा पट्टा आवळलेला होता, घामानं काळा पडलेला.

"तीन वर्सं झाली," तो म्हणाला आणि महिपतीला शेजारी घेऊन पोत्यावर बसला. मग बाकीचे सहाही बसले.

व्यापाऱ्यानं आदळआपट केली, दुसरी टोळी मिळते का पाहिलं, शेवटी पोत्यांची तोंडं सोडून ती पुन्हा भरायला लावली. दुपारी पहिलं पोतं काट्यावर आलं. मी "पन्नास" म्हणालो, आणि महिपती उठला.