प्रांजलने राक्षस पुसला नाही

घाटकोपरच्या टेकडीवरल्या चाळीत कुणी "पोरगी काय करते?" असं विचारलं, की प्रांजलची आई नलिनी शिलाई मशीनवरून मान न उचलता सांगायची, "पडद्यावरची माणसं कापते." त्यात खोटं काही नव्हतं. गोरेगावच्या एका स्टुडिओत मालिकांच्या दृश्यांवर प्रांजल काम करायची. चित्रातल्या माणसाभोवती कॉम्प्युटरवर रेघ आखायची, माणूस हलला की रेघही त्याच्याबरोबर हलवायची. या रेघेला मास्क म्हणतात. एकदा माणूस असा सोडवून घेतला, की त्याच्यामागे इंद्रसभा लावा नाहीतर वादळ उठवा.

पौराणिक मालिकेतलं युद्ध तिच्याकडे आलं. हीरोने संथपणे तलवार उगारायची, भोवतीचं सैन्य मात्र भरभर धावायचं. आणि ऐन त्याच वेळी हीरोच्या पुढ्यातून गदा फिरवत जाणारा जो राक्षस होता, तो होता प्रांजलचा बाप, धाकू. जन्मभर कचेरीत शिपाई, पण दर हिवाळ्यात रजा टाकून गावच्या दशावतारात राक्षस व्हायचं, ते पेन्शनीत निघेपर्यंत चुकवलं नाही. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभा राहिला, तो आता. अख्ख्या चाळीला वार आणि वेळ सांगून झाली होती. खालच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा.

काम पाठवायच्या दिवशी सकाळी टीमचा प्रमुख केयूरने घाईघाईत एक घोळ घालून ठेवला होता. त्याने हीरोचं चित्र संथ केलं, मास्क मात्र जुन्याच वेगाने सोडून दिला. हीरो रेंगाळतोय आणि रेघ पुढे पळतेय. हीरोचा दंड गायब, राक्षसाचं मुंडकं अधांतरी.

"वाट लागली यार," केयूर म्हणाला. "सोपं करू. राक्षसच उडव. गर्दीतला माणूस, कोण बघतंय?"

"मी बघतेय. माझे बाबा आहेत ते."

केयूर ओशाळला. "सॉरी गं. पण स्टुडिओचे सरच म्हणालेत, अडलं तर उडवा. संध्याकाळी एपिसोड चॅनलकडे जायचाय."

"मग सरांनी उडवावं. मी नाही पुसणार."

"बाबा आहेत म्हणून?"

"हो, बाबा आहेत म्हणूनच! दुसरा कुणी असता तर तो काय आभाळातून पडला असता? त्याच्याही घरी कुणीतरी टीव्ही लावून बसलंच असतं ना?"

"नोकरीवर येईल, बाई."

"येऊ दे. आईकडे हूक-काजं करीन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दे मला."

लहानपणापासून प्रांजलने एक गोष्ट पाहिली होती. कितीही नडलेली बाई आली, तरी नलिनी अस्तर भिजवून वाळवल्याशिवाय ब्लाउजला हात लावायची नाही. कोरं अस्तर लावलं की पहिल्याच धुण्यात ते आत आटतं नि वरचं कापड चुण्या पाडून बसतं. केयूरने केलं ते हेच: एक थर बदलला, दुसरा तसाच ठेवला. प्रांजलने सगळं उसवलं. चित्राचा मूळ वेग परत आणला. गदा हीरोच्या अंगावरून जात होती, तिथे गदेमागे झाकलेला हीरो चित्रात नव्हताच; म्हणजे दोघांना वेगळं काढण्यात अर्थ नव्हता. तिने दोघांभोवती मिळून एकच मास्क आखला, तो चित्राला पक्का जोडला आणि मग ती जोडगोळी एकदम संथ केली. सैन्य मागे धावत राहिलं. डबा तसाच राहिला.

दुपारी सर आले. पाहिलं. "राक्षस अजून आहे?"

केयूरने तोंड उघडायच्या आत प्रांजल म्हणाली, "आहे. आणि राहणार."

सरांनी पुन्हा पाहिलं. "अगं, पण हीरोला सोडून नजर याच्याकडेच जाते."

"मग हीरोला जरा काम करायला सांगा, सर."

केयूरला ठसका लागला. सरांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "पाठवा. पण पुढच्या वेळी हा हट्ट चालणार नाही."

"पुढच्या वेळीही मी पुसणार नाही," ती म्हणाली. सर दारापर्यंत गेले होते. ऐकू गेलं असणार.

एपिसोड लागला त्या संध्याकाळी धाकूच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. राक्षस आला. ढगासारखा गदा फिरवत हीरोच्या छातीवरून गेला. शिट्ट्या, टाळ्या, "धाकूदादा झकास!" नलिनीने पदर तोंडाला लावला. धाकूचा चेहरा मात्र आंबला.

"गो प्रांजल, ह्यां कोणी केल्यान? मी असो हळू नाचलंय?"

"मीच केलं, बाबा."

"तू? राकस धावत येता गो! ह्यो काय वरातीत चलता?"

सगळे हसले. प्रांजल नाही हसली. "तसं केलं नसतं तर तुला पुसायला लागलं असतं. तसंच सांगितलं होतं मला. मी नाही म्हटलं."

जाहिरात लागली, कुणी आवाजही कमी केला नाही. धाकूने मिशीवरून हात फिरवला.

"नाय म्हटलंस?"

"तोंडावर."

"बरां केलंस," धाकू म्हणाला. मग तांब्या उचलून घोटभर पाणी प्याला आणि बोट रोखून म्हणाला, "आता तुझ्या सरांका जावन सांग, पुढच्या खेपेक माझो राकस धावतलो."