शर्टाची आतली बाजू

कामावर निघताना शर्टाचं बटण तुटलं. शर्ट काढून घाईघाईत शिवलं, घालून आरशात पाहिलं. बाहेरून झकास दिसत होतं, आतून मात्र दोऱ्याचं नुसतं जाळं झालं होतं. आत कोण बघतंय, असं म्हणत दारापर्यंत गेलो आणि चरफडत परत आलो. टाके उसवून पुन्हा शिवले. तोवर बस गेली.

ही खोड अण्णांची. माझ्या वडिलांनी जन्मभर शिंपीकाम केलं. कपडा हातात आला की ते आधी उलटा करत. लहानपणी माझी एक तुरपाई त्यांनी तीनदा उसवायला लावली होती. तेव्हापासून ऑफिसात कुणी कधी उघडणार नाही अशी फाईलसुद्धा मी नीट लावत बसतो. बाकीचे केव्हाच घरी गेलेले असतात. आईवडिलांनी कष्टाचं मोल शिकवलं, असं लोक अभिमानाने सांगतात. मला तर त्याचा निव्वळ वैताग येतो.

"बस चुकली का रे?" अण्णांनी खाटेवरून विचारलं. त्यांना आता नीट दिसत नाही. मला जवळ बोलावून त्यांनी शर्टाच्या आतून बोट फिरवलं.

"गाठ जाड आलीय," ते म्हणाले.

मी शर्ट काढला.