कॉलरबाईंच्या गळ्यात पडलेला मजला

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरबाई म्हणत. कॉलरची दोन्ही टोकं तिच्या हातून अशी जुळून यायची, की बघणाऱ्याने बघतच राहावं. जुन्या सुपरवायझर बाई निवृत्त झाल्या आणि मॅनेजरांनी अख्खा मजला हिच्या गळ्यात घातला.

सुरुवातीलाच तिचा जीव मेटाकुटीला आला. कुठे वाकडी शिलाई दिसली, की ती तिथेच ठाण मांडायची, उसवून पुन्हा घालून दाखवायची. तोवर पलीकडे बाह्यांचा ढीग साचायचा आणि बटणवाल्या बायका नुसत्या बसून राहायच्या.

"बाई, तुम्ही एक शर्ट बघत बसता," मॅनेजर म्हणाले, "मजला कोण बघणार?"

मग ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहू लागली. तिथून सगळी टेबलं एका नजरेत यायची. कुठे काम तुंबलंय, कुठे हात रिकामे आहेत, हे हळूहळू कळायला लागलं. इकडची बाई तिकडे बसवली, की गाडं सुरळीत चालायचं. 'जमलं बाई आपल्याला!' असं तिला वाटलं न वाटलं, तोच शाळेच्या गणवेशांचा अख्खा माल परत आला. प्रत्येक कॉलरचं एक टोक आखूड.

"दुसरं काही चुकलं असतं तर समजू शकलो असतो," मॅनेजर म्हणाले. "पण कॉलर? तुमच्या डोळ्यांदेखत?"

वरून सगळे शर्ट सारखेच पांढरे दिसत होते.

उसवायला ती स्वतः बसली. बटणांवर काम करणारी तिची धाकटी जाऊही मदतीला आली.

"थोडा वेळ वर, थोडा वेळ खाली, असं करा ना जाऊबाई."

"करून बघितलं गं. वर असले की खाली काय बिघडतंय याचा घोर, खाली आले की वरचा. धड काहीच दिसत नाही."

शेवटी ती मॅनेजरांकडे गेली. "साहेब, मला माझं मशीन परत द्या."

"तिथे नवीन बाई घेतलीय. तिला घरी पाठवू का?"

तेही तिच्या मनाला पटेना. ती खाली आली, नव्या बाईशेजारी बसली आणि टोक कसं वळवायचं ते दाखवू लागली.

"बाई, इस्त्रीवाले खोळंबलेत!" मागून कुणीतरी हाक मारली.

"आले, आले," ती म्हणाली. पण तिथून उठवेना.