मडमनं खाल्लेलं ताट

मडम घरात आली की आधी माणसांची चौकशी करायची, आणि त्या चौकशीत मेलेली माणसंही असायची. "आपले सासरे कसे आहेत?" असं तिनं आईला विचारलं, तेव्हा आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं. आई म्हणाली, "आवं, त्ये गेलं की." "ठाऊक आहे मला," मडम शांतपणे म्हणाली, "पण कसे आहेत?" आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मडमला मेलेली माणसं दिसतात, असं गावातल्या बायका तेव्हापासून म्हणू लागल्या.

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात तिचा छोटा दवाखाना होता. गोरी मिशनरी बाई, आली होती धर्माच्या कामासाठी, पण तिनं एकाही माणसाला बाटवलं नाही. "आधी ओळख, मग देव," म्हणायची. ओळखच इतकी वाढली की देवाचा नंबर लागलाच नाही. तिचं मराठी पोथीतलं. आमच्या म्हशीलाही ती "आपण जरा बाजूला व्हावे" म्हणायची, आणि म्हैस व्हायची!

घरोघरची पोरं लढाईवर होती. त्यांची पत्रं वाचायची आणि लिहायची ती मडमनंच. माझा दादा ब्रह्मदेशात होता. तो बेपत्ता असल्याचा कागद आला, तोही तिनंच वाचला. वाचून झाल्यावर ती वहिनीचा हात धरून दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. वहिनीच्या लग्नाला तेव्हा दीडच वर्ष झालं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला मडम आमच्याकडे जेवायला होती. आम्ही पंगतीला बसलो, तर तिनं स्वतः उठून एक जादा ताट वाढलं आणि दाराशी ठेवलं. "हे आपल्या दादाचं," ती कौतुकानं म्हणाली. तिच्या मुलखात सणाला दूरच्या माणसाची जागा अशी राखत असतील. आमच्यात असं ताट फक्त मेलेल्या माणसाचं वाढतात. आई "आवं मडम!" म्हणून ओरडेपर्यंत दारातून कावळा आला, भज्यावर चोच मारून गेला.

वहिनीचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. घरातली मोठी माझी चुलती, ती म्हणाली, "कावळा शिवला. आता काय ऱ्हायलं? पोरीचं कुकू पुसा."

मडमचा चेहरा उतरला. "चूक माझी. तिला शिक्षा का? हे परत कसं घ्यायचं?"

"घेता येत न्हाई. त्ये ताट कुणी खाल्लं तरच. पर मेलेल्याचा घास जो खाईल, त्यो त्या मेलेल्याचं मरण अंगावर घील."

मडमनं ते ताट पुढ्यात ओढलं, मांडी घातली आणि जेवायला लागली. टोचलेलं भजंसुद्धा खाल्लं. तिखटानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शेवटचं शीत उचलेपर्यंत ती थांबली नाही. मग चुलतीला म्हणाली, "आता हे ताट माझं झालं. कुंकू राहू द्यावे." वहिनीचं कुंकू राहिलं.

पुढंही मडम येतच होती. आई मात्र ती दिसली की आधी विचारायची, "बरं हाय न्हवं?" मडम हसून म्हणायची, "अजून आहे." आईला त्या हसण्याची भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर मलाही.

उन्हाळ्यात मडम तापानं गेली. गावात विषमज्वराची साथ होती, तिनं रोग्यांची सेवा केली आणि तिलाच लागण झाली, इतकं सरळ आहे. मी पुढं शिकले, शाळेत शिकवलं, पोरांना भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं. तरी या एका गोष्टीपाशी माझं शहाणपण अडतं. फार आठवण येते तिची.

दादा आला तो लढाई संपल्यावर. एक पाय अधू, अंगावर नुसती हाडं. तापात जंगलात पडलो होतो, कसा उठलो ते कळलं नाही, एवढंच सांगायचा. वहिनी भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. आईनं त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. तसाच हाताला धरून ओढ्यापलीकडं मडमच्या कबरीपाशी नेलं. आम्ही मागोमाग गेलो.

"पाया पड," आई म्हणाली. "हितं तुझी जागा हुती."