अंगावर दाखवू नये

घाटकोपरच्या एका स्त्रीसंस्थेने चालवलेल्या परिचारिकांच्या वर्गात १९५५ साली चौदा जणी शिकत होत्या. त्यांत मालन परब वयाने सर्वांत मोठी, चौतीस वर्षांची. दिवाळीआधीच्या अखेरच्या परीक्षेत उत्तीर्ण होणारीला संस्थेच्या प्रसूतिगृहात नोकरी आणि राहायला खोली मिळणार होती. मालनला दोहोंची गरज होती. मुलुंडची तिची खोली नवऱ्याच्या कारखान्याची. तो जाऊन तीन वर्षे झाली होती आणि मालकाने दिवाळीपर्यंतचीच मुदत दिली होती. त्यानंतर कणकवलीकडच्या दिराचे घर. तिथे विधवा भावजयीचे दिवस कसे जातात हे तिने आपल्या आत्याच्या रूपाने लहानपणापासून पाहिले होते.

वर्गाच्या काचेच्या कपाटात एक सांगाडा टांगलेला असे. मुली त्याला 'भाऊ' म्हणत. सांधे शिकायचे झाले की शिक्षिका उत्तराबाई त्याला बाहेर काढीत, आणि मालन सर्वांच्या आधी उत्तर देई. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे, कोपर बिजागरीचे, हे तिला पाठ करावे लागले नाही. मान वळते ती कशी, असे विचारल्यावर ती म्हणाली, "जात्यासारखी. खालच्या मणक्याचा खुंटा जागेवरच राहतो, वरची तळी त्याच्याभोवती फिरते." उत्तराबाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहून घेतले होते.

ती अडे ती दिशांपाशी. शरीर समोर उताणे असो की पालथे, वर्णन करताना ते सरळ उभे आहे, तळवे पुढे केलेले आहेत, असेच धरायचे. अंगठा मध्यरेषेपासून बाहेरच्या बाजूला, करंगळी मध्यरेषेकडे. डावे म्हणजे त्या देहाचे डावे, पाहणाऱ्याचे नव्हे. बाकीच्या मुली गोंधळल्या की स्वतःच्या अंगावर हात ठेवून पाहत. घरी जाऊन भावंडांच्या बरगड्या मोजत. मालन मात्र भाऊसमोर उभी राही, आणि समोर उभे राहून पाहिले की त्याचा डावा हात आपल्या उजव्या हाताला येतो. ती सगळा देह असा उलटा शिकली होती.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी चाचणी झाली. रोगी म्हणून वर्गातली जयंती बाकावर बसली होती.

"मालनबाई, रोग्याचा डावा खांदा निखळला आहे. झोळी बांधा," उत्तराबाई म्हणाल्या.

मालनने झोळी बांधली. घडी नीटस, गाठ मानेच्या कडेला, सारे नियमाप्रमाणे.

"ताई," जयंती हळूच म्हणाली, "हा हात धड आहे गं."

मुली हसल्या. उत्तराबाई हसल्या नाहीत. "चांगला हात जेरबंद केलात आणि निखळलेला मोकळा सोडलात. स्वतःच्या अंगावर हात ठेवून का पाहत नाही तुम्ही? परीक्षक बाहेरचे डॉक्टर असतात. तिथे बाजू चुकली तर मला काही करता येणार नाही."

मालनने झोळी सोडून तिची घडी केली. बाहेर पडल्यावर जयंती तिच्या बरोबरीने चालू लागली.

"माझ्या घरी ये ना रविवारी. सात माणसं आहेत. आमचा आजोबा तर दिवसभर पडूनच असतो, त्याचे सगळे सांधे घे मोजून. कुरकुरतात पण, नुसत्या आवाजावरून ओळखशील."

"नको गं. मी कुणाच्या अंगाला हात लावून दाखवत नाही."

"का?"

"असंच."

ते असेच नव्हते. दुसऱ्याचे दुखणे आपल्या अंगावर दाखवू नये, ते आपल्यावर उलटते, ही सासूची शिकवण. "आपल्या आंगार दाखवू नको गो," असे म्हणून म्हातारी हातावर चापटी मारी. मालनचे लग्न होऊन चार वर्षे झाली होती तेव्हा गावचा गुणाजी माडावरून पडल्याचे पत्र आले. छातीला कुठे लागले हे नवऱ्याला, काशीरामला, सांगताना मालनला सासू आठवली. तिने स्वतःच्या छातीकडे नेलेला हात मागे घेतला आणि तो त्याच्या छातीवर ठेवला. "हितं, डाव्या अंगाला."

काशीराम हसला होता. "म्हणजे माझ्या अंगावर चालतं काय?"

आठ महिन्यांनी त्याच्या छातीत क्षय सापडला. तो दोन वर्षे तरी आत वाढत असावा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मालनने ते ऐकले, तिला ते समजलेही. पण समजुतीने अपराध धुऊन निघतो असे नाही; ज्याच्यासमोर तो बोलून दाखवावा असे माणूस उरले नसेल तर मुळीच नाही. म्हणूनच वर्गात ती देह शिकली तो फक्त भाऊवर. त्याला आता काही होण्याजोगे नव्हते.

रविवारी दुपारी तिने खुंटीवरचा काशीरामचा कोट समोर धरला आणि पाठ घोकू लागली. तोही भाऊसारखाच उलटा. बाह्या तिच्याकडे, डावी उजवीकडे. बराच वेळ ती चुकत राहिली. शेवटी तिने दार लावले, कोट फिरवला आणि अंगात घातला. बाह्या बोटांच्या खाली वीतभर लोंबल्या. छातीवरचा खिसा हृदयाच्या बाजूला आला, म्हणजे हे डावे. खिशावरून खांद्याकडे, खांद्यावरून कोपराकडे, तळवा पुढे, अंगठा बाहेर. ती कोटावर दाखवत होती, अंगावर नव्हे, असा तिने मनाशी करार केला होता. परीक्षेपर्यंत रोज वर्गाहून आली की ती कोट घालून उभी राही. बाजू आता चुकत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक डॉक्टरांनी भाऊकडे पाहिलेही नाही. टेबलापुढे ती एकटी उभी होती.

"डावा खांदा निखळला आहे. उखळीतून कुठला भाग सुटला, स्वतःवर दाखवा."

मालनचा हात उचलला गेला आणि पदराजवळ थांबला. बाजूला बसलेल्या उत्तराबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"येत नाही?" डॉक्टरांनी विचारले.

तिची भीती गेली नव्हती. तिने फक्त हिशेब केला. दुखणे उलटलेच तर कुणावर उलटेल? नवरा नव्हता, मूल नव्हते, सासूही गेली होती. झाले तर तिचे एकटीचे होणार होते. इतक्या वर्षांत हे तिने स्वतःला कधी इतक्या उघडपणे सांगितले नव्हते.

तिने उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला. हाड सापडले. "हे दंडाच्या हाडाचं वरचं टोक. ते उखळीतून खाली आणि पुढे सरकतं. इथे खांद्याची गोलाई जाते, खळगा पडतो." तिचा आवाज सपाट होता.

"झोळी कोणत्या हाताला?"

"ह्याच. डाव्या."

डॉक्टरांनी कागदावर खूण केली. "ठीक. पुढच्या बाईंना पाठवा."

बाहेर व्हरांड्यात जयंती वाट पाहत होती. "सुटलीस का गं? जमलं?"

"जमलं."

"मग खांदा का धरलायस? दुखतोय का?"

मालनने पाहिले. हात अजून तिथेच होता.

"नाही," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने तिने तो खाली घेतला.